तुझ्या अर्जात तू कुठे आहेस?

तुझा अर्ज काल रात्री नीट वाचला गं. इंग्रजी स्वच्छ आहे, स्पेलिंगं बरोबर आहेत, काळांचा गोंधळ नाही. फक्त पानभर वाचूनही त्यात तू मला सापडली नाहीस. ‘सॉइल सॅम्पल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम काटोल तालुका.’ ‘डेटा वॉज अनालाइज्ड.’ ‘अ रिपोर्ट वॉज सबमिटेड.’ हे सगळं केलं कोणी? माती तू गोळा केलीस, ऐन मे महिन्यात, तोंडाला दुपट्टा बांधून, एकेका संत्र्याच्या बगिच्यात जाऊन. आकडे तू मांडलेस. अहवाल तू लिहिलास. नागपुरात अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत ज्यांच्या टेबलावर हा कागद जाईल, त्यांना यातलं काहीच कळणार नाही. काटोलात कधीतरी मातीचे नमुने घेण्यात आले, एवढंच कळेल.

म्हणून आज पॅसिव्ह व्हॉइसबद्दल बोलू या. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे अर्ज असेच असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्यांनाही वाचून दाखव.

असं का होतं, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं म्हणजे कोणीतरी तुम्हाला सांगून ठेवलंय की इंग्रजी भारदस्त करायचं तर पॅसिव्ह वापरा. दुसरं कारण घरातलं आहे. ‘मी केलं’ असं म्हणणारी मुलगी आपल्याकडे आगाऊ ठरते. ‘आमच्या पोरीनं केलं’ असं आईनं म्हणायचं, पोरीनं मान खाली घालून उभं राहायचं. हे इतकं अंगात मुरतं की इंग्रजीत ‘आय कलेक्टेड’ लिहिताना हात अडखळतो आणि ‘वेअर कलेक्टेड’ लिहिलं की सुटल्यासारखं वाटतं. पण पोरी, अर्ज हा कागदच मुळी ‘मी काय केलं’ हे सांगण्यासाठी असतो. तिथे ‘आय’ लिहिण्यात कसलाही उद्धटपणा नाही. ‘आय कलेक्टेड सॉइल सॅम्पल्स फ्रॉम ऑरेंज ऑर्चर्ड्स इन काटोल.’ किती गावांतून, किती नमुने, तेही लाव. वाक्य एकदम उभं राहतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. ते शाळेत सुरू होतं. मराठीच्या तासाला आपण कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकतो. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर फळ्यावर ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह लिहितात. कोणी तोंडानं सांगत नाही, पण डोक्यात आपोआप जोड्या लागतात: कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. कित्येक गाइडांमध्ये तर हे शब्द शेजारी शेजारी छापलेलेच असतात. इथेच सगळं बिघडतं.

‘रामाने आंबा खाल्ला.’ मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. का? तर क्रियापद आंब्यामागे जातं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. खाणारी सीता असली तरी ‘सीतेने आंबा खाल्ला’च. पण अर्थाकडे बघ. बोलणारा रामाबद्दलच बोलतोय ना? रामानं काय केलं, हेच सांगतोय. इंग्रजीत याचं सरळ ‘राम एट अ मँगो’ होतं. हा पूर्ण ॲक्टिव्ह आहे. तरी ‘ने’ दिसला की आपली मुलं ‘बाय’ लावतात आणि ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ लिहून मोकळी होतात. आता ‘रामाने रावणाला मारले’ घे. हा भावे प्रयोग. इंग्रजीत तोही ॲक्टिव्हच. आणि ‘राम आंबा खातो’ हा कर्तरी, तोही ॲक्टिव्ह. मराठीचे तीन प्रयोग, इंग्रजीत तिन्हीकडे एकच व्हॉइस.

मराठीतला प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं त्याचा हिशेब. इंग्रजीतला व्हॉइस म्हणजे वाक्यात पुढे कोणाला उभं करायचं त्याची निवड. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला ‘ने’ आला तो संस्कृतातल्या जुन्या कर्मणी रचनेच्या वाटेनं. ‘रामेण फलं भक्षितम्’ हे ऐकलंयस ना? तिथे खरोखर ‘रामाकडून फळ खाल्लं गेलं’ असा ढाचा होता. मराठीत तो ढाचा भूतकाळासाठी रुळला, आणि त्यातला ‘कडून’चा भाव गळून गेला. राहिलं ते नुसतं रूप. तू ‘आईनं चहा केला’ म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात कोणतीही उलटी रचना नसते.

यात फक्त मार्कांचा प्रश्न असता तर मी एवढी मागे लागले नसते. कधी कधी अर्थच फिरतो. आपल्याच गावातलं उदाहरण देते. ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.’ वाक्यात ‘नी’ आहे, क्रियापद दीक्षेमागे गेलंय, मराठीत कर्मणी. यावर मुलं दोन तऱ्हेची इंग्रजी वाक्यं करतात. एक, ‘बुद्धिझम वॉज एम्ब्रेस्ड बाय डॉक्टर आंबेडकर.’ व्याकरण ठीक आहे, पण ज्यांच्याबद्दल बोलायचं ते शेवटी ढकलले गेले. दुसरं वाक्य त्याहून वाईट: ‘डॉक्टर आंबेडकर वॉज कन्व्हर्टेड टू बुद्धिझम.’ म्हणजे दुसऱ्या कोणीतरी त्यांचं धर्मांतर घडवलं! ज्या माणसानं १९३५ साली येवल्याला आपला निर्धार जाहीर केला, पुढची एकवीस वर्षं विचार केला, महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, त्याचा निर्णय एका ‘वॉज’नं काढून घेतला जातो. ‘डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर’ असंच लिहायचं. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आठव. त्या ‘मी’च्या प्रतिज्ञा आहेत, प्रत्येकानं आपल्या तोंडानं म्हणायच्या. दीक्षाभूमीवर दरवर्षी येणारी माणसं, त्यांच्या आज्या-पणज्या, त्या वाक्यांच्या कर्त्या होत्या. इंग्रजीत लिहिताना त्यांना कर्ताच ठेव.

तर मग मराठीत पॅसिव्हच्या जवळचं काय आहे? भरपूर आहे, फक्त ते व्याकरणाच्या पुस्तकातल्या ‘कर्मणी’ या मथळ्याखाली शोधू नकोस. तुझी एमपीएससी करणारी मैत्रीण सांगेल की मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकात ‘नवीन कर्मणी’ म्हणून एक प्रकार आहे, ‘रावण रामाकडून मारला गेला’, आणि तो इंग्रजीच्या वळणावरूनच आपल्याकडे आला. तो परीक्षेपुरता ठीक. घरात कोणी ‘माझ्याकडून भाजी चिरली गेली’ म्हणत नाही, आणि म्हटलंच तर चुकून चिरली गेली असा त्याचा अर्थ होतो.

आपण रोज जे बोलतो त्यात बघ. ‘नागपूरला संत्रानगरी म्हणतात.’ कोण म्हणतात? कोणीही, सगळेच. कर्ता सांगायची गरजच नाही. हे इंग्रजीत ‘नागपूर इज कॉल्ड द ऑरेंज सिटी.’ पेपरात वाचतेस, ‘दोघांना अटक करण्यात आली.’ ते ‘टू मेन वेअर अरेस्टेड.’ आणि आपलं नागपुरी बोलणं घे, ज्याला पुण्याची माणसं हसतात. ‘वर्धा रोडवर मेट्रो बांधून राहिले होते तेव्हाची गोष्ट’ असं आपण म्हणतो. कोण बांधून राहिले होते? ते महत्त्वाचं नाही. इंग्रजीत हे तंतोतंत ‘द मेट्रो वॉज बीइंग बिल्ट’ होतं. माझ्या शिकवणीतल्या मुलांचा ‘बीइंग’ नेहमी गळतो, ‘द ब्रिज इज बिल्डिंग’ लिहितात. मी त्यांना सांगते, मनात नागपुरीत म्हणा. ‘बांधून राहिले’ असं तोंडात आलं आणि कोण ते सांगायचं नसलं, की ‘बीइंग’ आलाच पाहिजे. आपल्या बोलीची लाज वाटून घेऊ नकोस. ती इथे तुझ्या कामाची आहे.

तुला एक गंमत सांगते. मेक्सिकोतली किंवा स्पेनमधली एखादी पोरगी इंग्रजी शिकायला बसते ना, ती याच जागी अडखळते. स्पॅनिशमध्येही पॅसिव्हचं रूप आहे, पण बोलताना ते फारसं येत नाही. दुकानावर पाटी असते, ‘आकी से आब्ला एस्पान्योल’, म्हणजे ‘इथे स्पॅनिश बोलतात’. तिचा तो छोटासा ‘से’ आणि आपलं ‘बोलतात’ एकच काम करतात: कर्ता बाजूला ठेवतात. इंग्रजीकडे असा सुटसुटीत उपाय नाही, म्हणून तिथे ‘स्पॅनिश इज स्पोकन हिअर’ लिहावं लागतं. तेव्हा आपलं डोकं मराठी म्हणून मंद आहे असं काही समजू नकोस. ज्या भाषांत कर्ता गाळायच्या सोप्या वाटा आहेत, त्या सगळ्यांच्या लेकरांना इंग्रजीची ही वाट लांबची वाटते.

आणि हो, पॅसिव्हची हक्काची जागाही आहे. ती तुझ्या अहवालातली ‘मेथड्स’ची जागा. बाबा बगिच्याबद्दल कसं बोलतात ते कानात आण. आंबिया बहार धरायचा असला की हिवाळ्यात झाडांना पाणी तोडतात, ताण देतात. कलम करताना जंभेरीच्या खुंटावर डोळा भरतात. डिंक्या दिसला की खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. एकाही वाक्यात कर्ता नाही, कारण बोलणं झाडाबद्दल आहे; डोळा बाबांनी भरला की गणपतकाकांनी, यानं कलमाला फरक पडत नाही. हेच इंग्रजीत सहज पॅसिव्हमध्ये बसतं: ‘वॉटर इज विथहेल्ड.’ ‘द बड इज इन्सर्टेड इनटू द रूटस्टॉक.’ ‘बोर्डो पेस्ट इज अप्लाइड टू द ट्रंक.’ तुझ्या मातीचंही तसंच. व्ही आकाराचा खड्डा केला, माती मिसळली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, अर्धा किलो उरेपर्यंत पुन्हा तेच केलं. कोणीही केलं तरी पद्धत तीच राहायला हवी, म्हणून तिथे ‘वॉज मिक्स्ड’, ‘वॉज डिव्हायडेड’ शोभतं. तेच वाक्य अर्जात आलं की तुला पुसून टाकतं.

तेव्हा लिहायच्या आधी स्वतःला विचार, या वाक्यात ‘कोणी’ हे सांगायचंय का? सांगायचं असेल तर त्या माणसाला पुढे आण आणि ॲक्टिव्ह लिही. कोणी केलं ते उघड आहे, किंवा त्यानं फरक पडत नाही, किंवा कोणालाच माहीत नाही, अशा वेळी पॅसिव्ह. ‘ने’कडे बघूच नकोस.

आता ‘होता’चा सापळा. हा आपल्या सगळ्यांचा. ‘काल अपघात झाला होता’ हे मनात येतं, ‘होता’ला ‘वॉज’ चिकटतो आणि ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ बाहेर पडतं. ‘ही वॉज डाइड’ हेही त्याच घरचं. ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘डिसअपिअर’ या क्रियापदांना पॅसिव्ह नसतोच, कारण त्यांना कर्म नाही. ‘कन्सिस्ट’ आणि ‘बिलाँग’ यांनाही नाही. ‘इज कन्सिस्ट्स ऑफ’ हे तुझ्या अहवालात दोन ठिकाणी आहे, तिथला ‘इज’ काढ.

पण मग ‘झालं’ आलं की कधी पॅसिव्ह करायचं आणि कधी नाही? मी एक युक्ती वापरते. ‘होणे’च्या जागी ‘करणे’ घालून बघायचं. ‘१८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं.’ ‘खालसा केलं’ म्हणता येतं का? येतं. इंग्रजांनी केलं, डलहौसीनं केलं. मग इंग्रजीत पॅसिव्ह: ‘नागपूर वॉज ॲनेक्स्ड.’ ‘१८६३ साली अजब बंगला स्थापन झाला.’ ‘स्थापन केला’ म्हणता येतं, म्हणून ‘द सेंट्रल म्युझियम वॉज एस्टॅब्लिश्ड.’ ‘निकाल जाहीर झाला’, ‘जाहीर केला’, म्हणून ‘वॉज डिक्लेअर्ड.’ आता ‘मृत्यू झाला’ घे. ‘मृत्यू केला’ कोणी म्हणत नाही. मग सरळ ‘डाइड’. ‘भूकंप झाला’ तसंच. युक्ती शंभर टक्के चालत नाही. ‘सभा सहाला सुरू झाली’ याला ‘द मीटिंग स्टार्टेड ॲट सिक्स’ एवढंच पुरतं, जरी ‘सुरू केली’ म्हणता येत असलं तरी. आणि ‘जन्म झाला’ हा तर ठार अपवाद. ‘आय वॉज बॉर्न’ हे पाठच करून टाक. आपली मुलं ‘आय बॉर्न’ म्हणतात, स्पॅनिश बोलणारीही तेच म्हणतात, कारण त्यांच्याकडेही जन्मायचं क्रियापद साधं आहे. मुलाखतीचं पहिलंच वाक्य बऱ्याचदा हे असतं, म्हणून सांगितलं.

फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या जोड्यांत मराठी श्रीमंत आहे. काच फुटली आणि काच फोडली यांतला फरक आपल्याला शब्दातूनच कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ब्रेक’च. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे फुटली, ‘द ग्लास वॉज ब्रोकन’ म्हटलं की कोणीतरी फोडली असा वास येतो. प्रयोगशाळेतली नळी हातून पडली तर कोणतं वाक्य लिहायचं, ते आता तुझं तुला कळेल.

यापेक्षा जास्त वेळ मी तुला ‘मला’वर देणार आहे, कारण हा नोकरीच्या मुलाखतीत रोज लागतो. ‘मला जबाबदारी दिली.’ ‘मला सांगितलं.’ ‘मला विचारलं.’ मराठीत तू ‘मला’ आहेस, कर्ता गुप्त आहे. स्पॅनिशमध्येही अगदी असंच म्हणतात, ‘मला पुस्तक दिलं.’ ‘मी पुस्तक दिली गेले’ असं आपल्याकडेही होत नाही आणि त्यांच्याकडेही नाही. इंग्रजीत मात्र होतं, आणि फार सहज होतं: ‘आय वॉज गिव्हन अ बुक.’ ज्याला मिळालं, त्यालाच उचलून कर्त्याच्या जागी बसवतात. आपल्या मुलींना ही रचना माहीत नसते, म्हणून त्या मुलाखतीत ‘दे टोल्ड मी, दे आस्क्ड मी’ करत राहतात आणि समोरचा विचारतो, हे ‘दे’ कोण? किंवा त्याहून घोटाळा, ‘आय टोल्ड टू डू द सर्व्हे’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो की तूच कोणाला तरी सांगितलंस. एक ‘वॉज’ राहिला की सांगणारी आणि ऐकणारी यांची अदलाबदल होते.

रोज सकाळी चार-पाच वाक्यं मोठ्यानं म्हण. ‘आय वॉज आस्क्ड टू प्रिपेअर द मॅप.’ ‘आय वॉज गिव्हन टू व्हिलेजेस.’ ‘आय वॉज टॉट टू यूज द मीटर.’ ‘आय वॉज टोल्ड टू रिपीट द टेस्ट.’ आणि त्यांच्या मागोमाग लगेच एक ॲक्टिव्ह वाक्य जोड: ‘सो आय रिपीटेड इट विथ फ्रेश सॅम्पल्स.’ तुला काय दिलं गेलं ते पॅसिव्हमध्ये, तू त्याचं काय केलंस ते ॲक्टिव्हमध्ये. या जोडीनं बोललीस की ऐकणाऱ्याला तुझं काम डोळ्यासमोर दिसतं.

याच ‘मला’चं आणखी एक पिल्लू आहे. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणायचं असतं आणि ‘आय ॲम बोअरिंग’ निघून जातं, म्हणजे मीच कंटाळवाणी आहे. कंटाळा ज्याला येतो तो ‘बोअर्ड’, ज्याच्यामुळे येतो ते ‘बोअरिंग’. रस तुला असला तर तू ‘इंटरेस्टेड’, विषय ‘इंटरेस्टिंग’. एवढंच.

‘बाय’बद्दल थोडं. शाळेत वाक्य उलटवताना ‘बाय’ लावला नाही तर मार्क जातो, म्हणून पोरं जिथे तिथे ‘बाय मी’, ‘बाय पीपल’ लावतात. ‘नागपूर इज कॉल्ड द ऑरेंज सिटी बाय पीपल.’ माणसंच म्हणणार ना, झाडं थोडीच म्हणणार? गाळून टाक. ‘बाय’ तेव्हाच ठेव, जेव्हा ते नाव हीच नवी माहिती असते. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत पाहुण्याला दाखवतेयस, तो तिच्याकडे बघतोय, बोलणं इमारतीचं चाललंय. तेव्हा ‘इट वॉज डिझाइन्ड बाय हेन्री मेड’ हे वाक्य योग्य. इमारत पुढे, नवं नाव शेवटी.

बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या ‘चेंज द व्हॉइस’ला घाबरू नकोस. कर्म पुढे, ‘बी’चं त्याच काळातलं रूप, क्रियापदाचं तिसरं रूप, झालं. दोन दिवसांत बसेल. फक्त त्या सरावामुळे दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच असतो असं जे वाटायला लागतं, ते डोक्यातून काढ. परीक्षेत सारखा असतो. पत्रात, अर्जात, तक्रारीत नसतो.

कारण पॅसिव्हमागे लोक लपतात, हेही तुला माहीत हवं. ‘मिस्टेक्स वेअर मेड’, म्हणजे चुका झाल्या. कोणाच्या, ते विचारू नका. आपल्या कार्यालयांतलं मराठी हेच करतं. ‘कळविण्यात येते की’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’. कोणी कळवलं, निर्णय कोणाचा, खाली सही असते पण वाक्यात माणूस नसतो. असं पत्र हातात पडलं की आधी कर्ता शोधायचा. कोणाच्या अधिकारात हा निर्णय झाला, हे विचारण्यात उद्धटपणा नाही, तो तुझा हक्क आहे. आणि तुझ्या हातून काही चुकलं तर तूही ‘वॉज’मागे जाऊ नकोस. ‘आय सेंट द राँग फाइल, आय ॲम सॉरी’ असं सरळ लिही. तुझी माणसं त्याच वाक्यामुळे तुझ्यावर विश्वास टाकतील.

मात्र हेच हत्यार चांगल्या कामालाही येतं. परवा तू फोनवर म्हणालीस की जिथे उन्हाळी काम केलंस तिथला स्टायपेंड अजून आला नाही आणि मेल लिहायला भीती वाटते. ‘यू हॅव नॉट पेड माय स्टायपेंड’ लिहिलंस तर ते वाचणाऱ्या क्लार्कवर बोट रोखल्यासारखं होतं, आणि बिचाऱ्याचा त्यात दोष असेलच असं नाही. तिथे पॅसिव्ह घाल: ‘माय स्टायपेंड फॉर मे अँड जून हॅज नॉट बीन पेड येट.’ पैसे पुढे आले, माणूस बाजूला राहिला, मागणी तेवढीच ठाम राहिली. पुढच्या वाक्यात तू स्वतः ये: ‘आय सबमिटेड माय अटेंडन्स शीट अँड बँक डिटेल्स इन जून.’ मग एक साधा प्रश्न: ‘कुड यू टेल मी व्हेन इट विल बी पेड?’ एवढी तीन वाक्यं पुरेत. ‘हंबली’ नको, ‘काइंडली डू द नीडफुल’ नको, माफीचा शब्द तर अजिबात नको. पैसे तुझ्या मेहनतीचे आहेत.

अर्ज आज पुन्हा लिही. आधी कामाची वाक्यं सगळी ‘आय’नं सुरू कर. सलग पाच ‘आय’ झाले तर कानाला टोचेल, मग एखादं वाक्य ‘इन काटोल, आय...’ असं फिरव, पण ‘वॉज’कडे पळू नकोस. अहवालातला मेथडचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहू दे, तो छान जमलाय. आणि स्टायपेंडचा मेल पाठवायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाक. शिकवणी आठला सुटते, त्यानंतर मी मोकळीच असते.